धारवाडीचं मानपत्र

मुंबई, १२ ऑगस्ट २०२४

ती. स्व. श्रीपतमामांस,
समीक्षाचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये रेंज नाही, म्हणून तुमच्याच खात्याला कामाला लावते आहे. तीस वर्षं पोस्टमास्तरकी केलेल्या मामाला भाचीचं पत्र यायलाच हवं.

बातमी अशी की आमचं विद्यापीठ प्रयागमावशीला मानद डी.लिट. द्यायच्या विचारात आहे. हसू नका. मानद म्हणजे परीक्षा न देता, केलेल्या कामाबद्दल दिलेली पदवी. दरवर्षी दीक्षान्त समारंभात तिघांना देतात. एक कारखानदार असतो, एक गाणारा नाहीतर नटणारा असतो, आणि तिसरा कुणीतरी गरीब शोधून आणतात, नाहीतर फोटो पुरा होत नाही. मी त्याच विभागात सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर काम करते, त्यामुळे फाइल माझ्याच टेबलावरून जाते.

मावशीचं नाव प्रियदर्शिनी मॅडमनी सुचवलं. त्याच, ज्यांनी २०१९ मध्ये धारवाडीच्या शाळेच्या आवारात पाऊस मोजायचं यंत्र बसवलं आणि रोज आकडा लिहायला तुम्हाला रजिस्टर दिलं. २०२१ च्या दरडीत मावशीने वाडी बाहेर काढली, हे त्यांना ठाऊक आहे.

सोबत फॉर्म आहे, सत्तावीस रकान्यांचा. एकही रिकामा राहिला तर फाइल परत येते.

मामा, खरं सांगते, मला पदवीचं कौतुक कमी आणि तुमच्या पुनर्वसनाच्या प्लॉटचं जास्त आहे. तीन वर्षं झाली, वाडी शेडमध्ये कुजते आहे. डॉक्टर प्रयागबाईंची वाडी म्हटल्यावर साहेबलोकांना खुर्चीतून उठावं लागेल.

तुमची
समीक्षा


धारवाडी, ता. पोलादपूर
२७ ऑगस्ट २०२४

चि. समीक्षास मामाचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. पिनकोड चुकलीस, तरी आलं. पोस्टात अजून आपली ओळख हाय.

मावशीला सांगितलं तर म्हणाली, "मी काय केलं रं त्याच्यात? ताट वाजवलं." तुला ठाऊक हाय, तरी फाइलला लागेल म्हणून लिहितो. आपल्या वाडीत पावसाचे तीन महिने झऱ्याची राखण असते. झऱ्यापाशी काशाचं ताट ठेवायचं, पहिली कळशी त्यात ओतायची. ताटाचा तळ दिसला तर पाणी घरी न्यायचं. तळ दिसला नाय, पाणी लाल आलं, तर वर डोंगर सुटायला लागला असं समजायचं. ही राखण तुझ्या मावशीकडे तिच्या सासूकडून आली. बावीस जुलैला दुपारी तीन वाजता तळ दिसला नाय. तिने तिथूनच ताट दगडाने बडवायला सुरुवात केली ती घरोघर बडवत आली. माणसं, सुटली ती ढोरं, सगळी डोंगराच्या सोंडेवरच्या सहाणेवर जाऊन बसली, जिथे शिमग्यात पालखी बसते तिथे. चार वाजता दरड आली. अकरा घरं गेली, नऊ राहिली. त्रेचाळीस माणसं वाचली. त्याच दिवशी गाडल्या गेलेल्या तळीयेचं दुःख एवढं मोठं होतं की आमचं पेपरात चार ओळीत आटपलं. त्यात काय चूक पण नाय.

एकटा चांगू राहिला. त्याची बायको जानकीबाई पुढे आली होती, तो मागून येतो म्हणाला तो आला नाय. हट्टी माणूस. त्याचं आता काय काढायचं.

फॉर्म भरला. सत्ताविसाचे सत्तावीस. "शास्त्रीय पुरावा" असा एक रकाना होता, तिथे रजिस्टरची झेरॉक्स लावली हाय. मी नोकरीत कधी रकाना रिकामा ठेवला नाय. रिकामा रकाना म्हणजे उद्याची चौकशी.

खालच्या माळावर प्लॉट मोजून खुंट्या मारल्यात. आता खुंट्यांवर वेल चढलेत. तुझ्या डिग्रीने ते वेल निघाले तर बघ.

श्रीपतमामा


मुंबई, १८ नोव्हेंबर २०२४

मामा, नमस्कार.

झालं. परिषदेने तिन्ही नावं मंजूर केली. समारंभ फेब्रुवारीत. मावशीला लाल गाऊन घालावा लागेल, नऊवारीवरून. गाऊन भाड्याचा असतो, तासाभरात परत करायचा. पदवी मात्र कायमची.

दोन कामं आहेत. मॅडमना ते काशाचं ताट हवं आहे. विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराशी काचेच्या कपाटात ठेवणार, खाली पितळी पाटी. मावशीला समजावून पाठवा.

दुसरं जरा अडचणीचं आहे. मानपत्र टाइप करायला माझ्याकडे आलं आहे. तुमच्या रजिस्टरमध्ये त्या दिवशी लिहिलंय: "सकाळी ३१८ मि.मी. ११ वाजता वाडीस इशारा दिला." मावशी तीन वाजता ताट वाजवल्याचं सांगते, तुमच्या पत्रातही तीनच आहे. मग अकरा वाजता कुणी सांगितलं? सांगितलं असेल तर लोक तीनपर्यंत घरात का बसले? मॅडम म्हणतात, म्हाताऱ्या माणसाच्या वेळेपेक्षा कागदावरची वेळ धरायची. मला तुमच्याकडून कळलं तर बरं.

समीक्षा


धारवाडी, २ डिसेंबर २०२४

चि. समीक्षास आशीर्वाद.

एवढ्या गोंधळात घड्याळ कोण बघतो? तू कागदावर जा. नोकरी करतेस ना, मग एवढं तुला कळायला हवं. सरकारी गोष्टीत माणसाच्या तोंडाला किंमत नाय, कागदाला हाय. आता मध्येच काही बदललं तर फाइल मागे जाईल आणि प्लॉट पण.

पुनर्वसनाच्या ऑफिसातले साहेब आले होते. कागद बघून म्हणाले, "डॉक्टर होऊ द्या बाईंना, मग आमच्यावर पण वरून जोर येईल." वाडीतली सगळी माझ्या तोंडाकडे बघतात. भागोजीने तर नव्या घराचं दार कुठल्या दिशेला घ्यायचं ते पण ठरवलंय.

मावशी ताट द्यायला तयार नव्हती. "माझ्या सासूचं हाय, काचंत ठेवून काय त्याला कोन पानी दाखवनार?" म्हणाली. मी सांगितलं, झराच दरडीखाली गेला, आता ताटाचा उपयोग काय? दुसऱ्या दिवशी राखेने घासून, फडक्यात बांधून माझ्यापुढे ठेवलं. समारंभाला पण येत नव्हती. प्लॉटसाठी चल म्हणालो, तेव्हा हो म्हणाली. सोबतीला जानकीबाईला आणतो. तिने मुंबई बघितली नाय.

श्रीपतमामा


मुंबई, २० फेब्रुवारी २०२५

मामा, नमस्कार.

तुम्ही तिघं जेवायलाही थांबला नाहीत. मी कुपनं घेऊन मांडवात शोधत होते.

फोटो पेपरात आला आहे, कात्रण पाठवते. गाऊन मावशीच्या पायात येत होता, तरी ती किती ताठ चालली. कारखानदाराने वीस मिनिटं भाषण केलं, त्याच्या आधी गवयाने. मॅडमनी मानपत्र वाचल्यावर मावशीला फक्त दोन वाक्यं बोलायची होती, आम्ही लिहूनही दिली होती आणि तुम्ही पाठ करून घेतली होती. ती माइकपाशी गेली, खाली बघत राहिली, "नमस्कार" म्हणाली आणि परत येऊन बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुलगुरू म्हणाले, किती साधेपणा. मला वाटतं बिचारी घाबरली.

गेटपाशी मात्र एक झालं. जानकीबाई कपाटातल्या ताटासमोर उभ्या होत्या. मी जवळ गेले तर विचारलं, "त्या बाईनं वाचलं त्ये कागदावर हाय का?" मी हो म्हटलं. तेवढंच विचारलं आणि गेल्या. त्यांना काही लागलं का?

आनंदाची गोष्ट, मला या वेळी सहा महिन्यांऐवजी वर्षाची ऑर्डर मिळाली. मॅडमनी शब्द टाकला.

समीक्षा


धारवाडी, १ मार्च २०२५

समीक्षा,

लागलं का म्हणून विचारतेस? तुझ्या कानात काय बोळे होते?

मला पाठ झालंय, लिहून दाखवतो. "विद्यापीठाच्या पर्जन्यमापन यंत्रणेने दिलेला इशारा श्रीमती प्रयागबाई यांनी घरोघरी पोचवला व त्रेचाळीस प्राण वाचवले. इशाऱ्याकडे दुर्लक्ष केल्याने एका ग्रामस्थाचा दुर्दैवी अंत झाला." एक ग्रामस्थ म्हणे. त्याची बायको पाचव्या रांगेत बसली होती, माझ्या शेजारी. येताना एस.टी.त तिने खिडकीकडे तोंड केलं ते पोलादपूर येईपर्यंत वळवलं नाय. मावशी पण माझ्याशी बोलत नाय.

मेलेल्या माणसावर असं वाक्य कुणी घातलं? तू टाइप करत होतीस. तू चांगूच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीस लहानपणी. तुझे हात कसे चालले? वर्षाची ऑर्डर मिळाली, बरं झालं. कशाबद्दल मिळाली ते पण कळलं.

श्रीपत


मुंबई, ११ मार्च २०२५

मामा,

माझे हात चालले, कारण वाक्य तुमचं होतं.

सोबत तुमच्याच रजिस्टरच्या पानाची झेरॉक्स आहे, तुम्हीच फॉर्मला लावलेली. शेऱ्याच्या रकान्यात, तुमच्या अक्षरात: "चांगू यास इशारा सांगूनही तो आला नाही." मॅडमनी फक्त ते शुद्ध भाषेत केलं. मी नोव्हेंबरमध्ये विचारलं होतं. तुम्ही मला कागदावर जा म्हणालात, मी गेले.

ऑर्डरचं बोललात ते मला झोंबलं, आणि खोटं नाही म्हणूनच झोंबलं. अकराचं आणि तीनचं जुळत नाही हे मला दिसत होतं. मी डोळे मिटले. पण मामा, मी एक वाक्य टाइप केलं. तुम्ही ते का लिहिलंत?

एक सांगून ठेवते. मॅडमनी मानपत्राची प्रत आपल्या अहवालाला जोडून पुनर्वसनाच्या ऑफिसला पाठवली आहे. यंत्र किती कामाचं आहे हे दाखवायला. त्याचं पुढे काय होईल याची मला भीती वाटते.

समीक्षा


धारवाडी, ४ मे २०२५

चि. समीक्षास,

दोन महिने लिहिलं नाय. लिहिण्यासारखं तोंड नव्हतं.

तुझी भीती खरी झाली. काल ऑफिसचं पत्र आलं. "मानपत्रात नमूद केल्यानुसार पूर्वसूचना यंत्रणा प्रभावी असल्याने स्थलांतराची निकड उरलेली नाही. प्रस्ताव दप्तरी दाखल." शेड सात जूनच्या आत रिकाम्या करायच्या. उरलेल्या नऊ घरांत आणि त्यांच्या अंगणात पत्रे टाकून राहायचं. यंत्राला नवा रंग दिलाय, पाटी लावलीय, आणि त्याच्या राखणीला माझी नेमणूक. ज्या मानपत्राने प्लॉट मिळायचे, त्यानेच ते नेले.

तू विचारलंस का लिहिलं. ऐक.

त्या जुलैत ओढा भरला होता. यंत्र ओढ्यापलीकडे शाळेत. तीन दिवस मी गेलो नाय, घरी बसून अंदाजाने आकडे टाकले. त्या आधी पण कितीदा टाकलेत. रकाना रिकामा ठेवायची सवय नाय ना.

मावशीचं ताट वाजलं, माणसं निघाली. चांगू माझ्या पडवीत आला. "मास्तर, किती झाला?" म्हणाला. त्याचा त्या पाऊस मोजायच्या डब्यावर फार विश्वास. शिकलेल्या माणसांचा डबा, आणि वर मास्तर वाचणार. मी तिकडे फिरकलोच नाय हे त्याला कसं सांगू? रजिस्टर उघडून दाखवलं. "कालच्याएवढाच हाय रे." तो म्हणाला, मग ढोरांना वैरण टाकून सावकाश येतो. त्याच्यामागून मी चप्पल घातली आणि सहाणेवर गेलो. मी ताटावर विश्वास ठेवला आणि चांगूला डबा दाखवला.

चार दिवसांनी मॅडम गाडी घेऊन आल्या, रजिस्टर मागितलं. त्यांच्यासाठी चहा होईपर्यंत मी मागच्या खोलीत बसून नव्या पानावर तीनशे अठरा लिहिले, अकरा वाजले लिहिले, आणि चांगूला हट्टी करून टाकला.

हे सगळं वेगळ्या कागदावर सहीनिशी लिहून सोबत पाठवतोय. विद्यापीठात दे. मला काय करायचं ते करू देत, पण ते वाक्य काढायला सांग आणि ऑफिसला कळवायला सांग. आता वर वाडीत जायचं म्हणजे डोळे बांधून जायचं. झरा गाडला गेला, ताट तुमच्या कपाटात, आणि माणसं माझ्या भरवशावर.

मामा


मुंबई, २३ मे २०२५

ती. स्व. मामांस,
नमस्कार.

तुमचा कागद मी स्वतः आवक नोंदवहीत चढवून शिक्का घेतला, कुणी हरवला म्हणू नये म्हणून. मग तीन टेबलं फिरले. उत्तर असं मिळालं: दीक्षान्तात वाचलेलं मानपत्र बदलता येत नाही, तशी तरतूद नाही. पदवी खोट्या माहितीवर दिली गेली असं सिद्ध झालं तर ती काढून घेता येते. त्यासाठी समिती नेमतील. समितीची बैठक दिवाळीनंतर.

म्हणजे मामा, तुमच्या कबुलीने मावशीची पदवी जाईल, आणि यंत्राला काही होणार नाही. मी विचारलं, ऑफिसला निदान एक ओळ कळवा. मॅडम म्हणाल्या, "एका माणसाच्या अपराधी भावनेवर संस्थेचा प्रकल्प बंद करायचा का?" मग माझ्या ऑर्डरची आठवण करून दिली, अगदी गोड आवाजात. मी तरी ऑफिसला माझ्या नावाने लिहिलं आहे. उत्तर नाही.

मावशीला विचाराल का, ती त्या दिवशी माइकपुढे का गप्प राहिली? ती घाबरली असं मी लिहिलं होतं. आता तसं वाटत नाही.

समीक्षा


धारवाडी, ७ जुलै २०२५

समे गो,

मी बोलते नि तुझा मामा लिवतो. त्याला सांगितलंय, एक अक्षर हिकडचं तिकडं करू नको.

वर येऊन म्हैना झाला. खालच्या शेडी काढून नेल्या. माळावर खुंट्या हायेत अजून, भागोजी त्यांना रेडकू बांधतो.

तुमचा डिग्रीचा कागद नळकांड्यासकट पाठवते. तुमची कमेटी बसनार कंदी नि मी वाट बघनार कंदी. शाल ठेवून घेतली, वर गारठा असतो. माझं ताट तेवढं पाठव. झरा नाय, त्याच्यात काय ओतून बघायचं नाय, ठाव हाय मला. पन वाजवायला तरी पायजे. पातेलं वाजवून बघितलं, वाडीच्या पल्याडल्या टोकाच्या तीन घरांत आवाज जात नाय.

माइकचं इचारलंस. चांगूचं वाचलं तवा मी श्रीपतकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. तितंच मला समदं कळलं. चांगू डबा इचारायला गेला व्हता, त्ये जानकीनं मला सांगितलेलं व्हतं. मी बोलले असते तर हजार मानसांत माझा पाठचा भाव गेला असता. म्हटलं गप बसावं, येक तरी राखावा. भाव बी गेला नि वाडी बी गेली. माझीच चूक, दुसऱ्याच्या डोक्यावर कशाला घालू?

जानकीला त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं, तिच्या पडवीत बसून. ती रडली नाय, शिवी पन दिली नाय. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी आमच्या दारात येते नि इचारते, "मास्तर, किती झाला?" त्याला सांगावंच लागतं. म्हनून रोज शाळेवर जातो नि भिजून येतो. त्या साली कंदी भिजून आलेला बघितला नव्हता मी. तवाच कळायला पायजे व्हतं.

ताट पाठव.

तुझी मावशी
प्रयाग

ता. क., ८ जुलै. समीक्षा, पत्र काल बंद करायचं राहिलं, ते आज सहाणेवर देवळाच्या वळचणीखाली बसून पुरं करतोय. रात्रीत ओढ्याला पाणी आलं. सकाळी मधल्या खडकापर्यंत गेलो आणि परत फिरलो, डब्यापर्यंत पोचता आलं नाय. रजिस्टरमध्ये आजचा रकाना रिकामा ठेवला. जन्मात पहिलाच. जानकीबाई दारात आली, तिने विचारलं. मी म्हणालो, माहीत नाय, मला जाता आलं नाय. एवढंच त्या दिवशी चांगूला सांगायचं होतं. ती घरात गेली, गाठोडं बांधलं आणि इकडची वाट धरली. तिच्यामागून सगळी निघाली. टोकाच्या तिन्ही घरांना मावशीचं पातेलं ऐकू गेलं नाय, मी जाऊन आणली.

पाऊस चालू हाय. डोंगर जागेवर हाय. पोरं भिजलीत, माणसं मला विचारतात, मास्तर, घरी कधी जायचं? त्यांना पण तेच सांगतो, मला माहीत नाय. ताट लवकर पाठव.

श्रीपत